विद्यापीठाची तार

माणिकच्या नावानं तार आली म्हणताच त्याच्या आईनं, छबुबाईनं, जळती चूल पाणी टाकून विझवली. घाटनांदुरात तार यायची ती मयताचीच. आळीतल्या बाया रडतच जमल्या.

शाळेच्या मास्तरांनी तार वाचली आणि ते हसले. "रडू नका. हैदराबादच्या विद्यापीठाची हाय. माणिकचा प्रबंध अजून पोचला न्हाई. शुक्रवारच्या आत आणून दे, म्हणतेत."

"एवढंच व्हय! लई भ्यालो बाई आमी," म्हणत शेजारची बायनाबाई चूल पेटवायला वाकली.

छबुबाईनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. प्रबंध बगलेत देऊन पोराला हैदराबादच्या गाडीत म्याच बसवलं. त्याला दोन आठवडी बाजार झाले."