जग संपलं नाही त्या सकाळचा चहा

उजाडलं. आधी कोंबडा आरवला, मग गल्लीत कुणीतरी दुकानाचं शटर वर केलं, आणि प्रार्थनागृहात रात्रभर पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या मंडळीला नाइलाजानं मान्य करावं लागलं, की जग काही संपलेलं नाही.

पाळकांनी पवित्र शास्त्र उलटसुलट वाचून काढलेला मुहूर्त टळला होता. प्रभू आला नव्हता. पाळक पहाटेच मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली.

तसं हेही दुःख या लोकांनी पेललं असतं. पंचाईत वेगळीच होती. प्रभूसमोर स्वच्छ मनानं जायचं म्हणून काल संध्याकाळी एकेकानं उभं राहून आपलं पाप सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. शिंपीणबाईंनी गिऱ्हाइकांचं उरलेलं कापड ढापल्याचं, ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी सख्ख्या भावाच्या चहाड्या केल्याचं. दूधवाल्यानं तर हुंदके देत सांगितलं, की तो पहिल्यापासून दुधात पाणी घालत आलाय. सगळ्यांनी त्याला मिठी मारली. जग संपणार असलं की माफ करायला काय जातं!

आता तीच माणसं एकमेकांची नजर चुकवत चपला शोधत होती. आज ही अशीच उंबऱ्याबाहेर पडली, तर पुन्हा एकत्र यायची नाहीत, हे दूधवाल्याला कळलं. त्याला यांच्याशिवाय होतं कोण?

गायींना जगबुडीचं कुणी कळवलं नव्हतं. त्या वेळेवर हंबरल्या. तो शेजारच्या गोठ्यात गेला, धारा काढल्या आणि किटली घेऊन परत आला. पाळकीणबाईंनी मुकाट्यानं चहा टाकला. चहाचा वास सुटला तशी माणसं जरा रेंगाळली.

मग दूधवाल्यानं मागच्या खोलीचं दार वाजवलं.

"पाळकसाहेब, बाहेर या."

"कुठल्या तोंडानं येऊ? जा तुम्ही सगळे घरी."

"घरी कसला जातोय! काल माफी मिळाली ती मरायच्या बोलीवर. उद्या याच लोकांच्या दारात दूध घालायचंय मला. एकट्याला नाही जमायचं. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

मग कडी निघाली. डोळे सुजलेले, झगा चुरगळलेला, एवढे मोठे पाळक शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे दारात उभे राहिले. दूधवाला त्यांच्या शेजारी जाऊन थांबला.

"माझं चुकलं," पाळक म्हणाले. "इतकी वर्षं मी तुम्हाला जे सांगितलं, ते..."

पुढच्या बाकावरच्या आजींनी चहाचा घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि दूधवाल्याकडे पाहिलं.

"आज पाणी नाही रे घातलंस."

"नाही, आजी."

"घालायचास तेव्हाही कळायचं आम्हाला. रोज कळायचं." आजी बाकावर थोड्या सरकल्या आणि त्यांनी शेजारची जागा हातानं पुसली. "पण पोरं त्याच दुधावर वाढली की आमची. बसा पाळकसाहेब, चहा निवतोय."