समासातली शाई

"जन्मदाखला स्वतःला नाहीतर जवळच्या नातलगालाच मिळतो, आजी," पोलंडमधल्या लुब्लिनजवळच्या नोंदणी कचेरीतली बोझेना म्हणाली. "अगं, मीच ती तेओदोरा! त्रेचाळीस साली जर्मनांनी आईच्या कडेवरून ओढून नेलं, नाव बदलून जर्मन घरात वाढवलं." बोझेनाने जन्माची वही उघडली आणि समास वाचला. माणसाचं लग्न, मरण जन्मनोंदीच्याच समासात लिहायची इथली रीत. "आजी, कोर्टाने तुम्हाला मृत ठरवलंय. मेलेल्या माणसाला दाखला कसा देऊ?" "मेलेली बाई दोन गाड्या बदलून येते होय गं? कधी मेले मी?" "भावाने मे एकाहत्तरमध्ये अर्ज केला, त्यावरून." म्हातारीचं हसू मावळलं. "आणि आई?" बोझेनाने मृत्यूची वही काढली. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "एप्रिल एकाहत्तर." म्हातारी जन्माच्या वहीतल्या समासातल्या त्या फिकट शाईवर अंगठा ठेवून बसली. "म्हणजे आई होती तोवर," ती पुटपुटली, "मला मारायची कुणाची टाप नव्हती."