पंच्याहत्तर हर्ट्झचा होकार

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम व्हिडिओ कॉलने मॉनिटरवर चालला होता. "मला आवडेल," असं मृण्मयी हसून म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिने ठामपणे नकारार्थी मान हलवली.

हेरंबने डोळे चोळले. त्याचा मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. कालच त्याने हौसेने सेटिंग ताणून तो पंच्याहत्तरवर नेला होता. वरची पंधरा चित्रं कुठून येणार, हा विचार काही त्याने केला नव्हता. आता हसऱ्या मृण्मयीच्या मधूनमधून दुसरी मृण्मयी लुकलुकत होती आणि "नको, नको" म्हणत होती.

"किती गोड हसतेय! बोल ना काहीतरी," शेजारी बसलेली आई कुजबुजली. तिच्या चष्म्यातून फक्त हसूच दिसत होतं, आणि हेडफोन हेरंबच्या कानावर होता.

हेरंबला मुलगी मनापासून आवडली होती. निदान त्याची तशी समजूत होती. धीर करून त्याने विचारलं, "घरच्यांचा आग्रह वगैरे नाही ना?"

"तुमचा मॉनिटर किती हर्ट्झवर आहे?"

"पंच्याहत्तर."

"माझाही. मघापासून तुम्ही हात जोडून 'सोडा मला' म्हणताय."

हेरंबने हातांकडे पाहिलं. ते मांडीवर स्वस्थ पडले होते. "मी? छे! मला तर तुम्ही आवडलात."

"मलाही तुम्ही," मृण्मयी म्हणाली, आणि ते खरं वाटलं.

दोघंही एकमेकांचा नकार निरखत राहिले.

"अगं बाई, नजर हटत नाहीये दोघांची!" आई हरखून पेढे आणायला उठली.

तिला थांबवायला हेरंबने तोंड उघडलं. बाहेर आलं ते मात्र, "कंदी आण."