पक्कं लायसन

"सई, तुजं लायसन संपलंय. एकदा बारामतीला जाऊन ये," असं सासरे रघुनाथआबा सांगून थकले होते. "आपल्या अंथुर्णे गावात कोण अडवतंय, आबा?" म्हणत ती हसण्यावारी न्यायची. वर्ष उलटलं आणि पुन्हा लर्निंगपासून सुरुवात करावी लागली. आता शेजारी पक्कं लायसन असलेलं माणूस बसल्याशिवाय तिला गाडी काढता येत नव्हती.

आज दुपारी तापानं फणफणलेल्या तिच्या लेकानं, मिहिरनं, डोळे फिरवले. नवरा परगावी. घरात पक्कं लायसन होतं ते फक्त आबांचं. पोराला गाडीत मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती ओरडली, "आबा, लवकर बसा! तुमच्याशिवाय कशी निघू?"

आबा येऊन बसले. "तू नुसतं म्होरं बघ, पोरी." बारामती येईस्तोवर तिनं मान वळवली नाही.

दवाखान्यात मिहिर मोठ्यानं रडला, तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला. ते सांगायला ती गाडीकडं पळाली. आबा छाती दाबून तसेच बसून होते.

"कळ निघतानाच आलती," ते कसेबसे म्हणाले. "पर मी बसलो नसतो, तर तू गाडी हलवली असतीस व्हय?"



तुमच्याही घरात असं न सांगणारं माणूस असेल. फोन खाली ठेवा आणि आधी त्याला बघून या.