नाक रुजेपर्यंत

मोहफुलांची टोपली. अस्वलाचा पंजा. आरशावर टाकलेला टॉवेल.

अस्वलानं सकूनचं नाक नेलं, त्याला वर्ष झालं. डॉक्टरांनी तिच्या पोटाच्या कातडीची नळी वळून आधी मनगटावर रुजवली, मग तिचं दुसरं टोक नाकाच्या जागी शिवलं. तीन आठवडे हात तोंडाशी बांधलेला. उद्या तो सुटणार, नाक राहणार.

"सारा वॉर्ड तुयाच नाकाकडं पायते, पोरी," माय म्हणाली. "म्हून काल तू झोपली असतानी नजरेचा काळा दोरा बांधला. चांगला घट्ट!"

"कुठं व माय?"

मायनं कौतुकानं पट्टीखालच्या नळीकडं बोट केलं.

सकूननं सिस्टरला हाक मारली. पट्टी उलगडताच सिस्टरनं कात्री मागितली. नळी जांभळट काळी पडली होती.

नळीला दुखणं कळत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.