घंटा झाली तरी

“तिच्या वर्गात पोट्टेच येऊन नाही राहिले,” कुलसचिव अच्युतराव म्हणाले. “रिकाम्या बाकांले शिकवाले नवीन करार काहून करू मी?”

समोर प्राध्यापक संघाच्या अध्यक्ष कुसुमताई बसल्या होत्या. बोलणी सकाळपासून एकाच नावावर अडली होती. भूगोलाची कंत्राटी प्राध्यापिका, अनुश्री. ती गेली की त्याच कारणानं बाकीच्या कंत्राटी लोकांनाही घरी पाठवता येणार होतं. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही फार गोड बोलत होते.

खिडकीखाली, फाटकाशी मंडप होता. तिथं विद्यापीठाचे झाडून सारे प्राध्यापक धरण्यावर बसलेले. घोषणाही चालू होत्या. पण प्रत्येक घोषणा आधी उपसमितीकडून मंजूर होऊन येत असल्यामुळे जरा थांबून थांबून.

“आधी हे धरणं उठवा, मॅडम. मग बोलू.”

“ते नाही उठत, सर.”

“उठते.” अच्युतराव दाराशी उभ्या शिपायाकडे वळले. “देवीदास भैया, घंटा बजा दो.”

व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडले. खाली चालू घोषणा अर्ध्यात तुटली. प्राध्यापक उठले, कपडे झटकले आणि आपापल्या वर्गांकडे चालू लागले. जन्माची सवय. पायांनी संघाला विचारलंच नाही.

“पाहा,” अच्युतराव म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

कुसुमताईंनी खुर्ची खिडकीशी ओढली. “पाहून राहिली.”

वर्गांत अर्थातच कोणी नव्हतं. धरणं म्हणजे सुट्टी, असं मानून पोरं कॅन्टीनमागच्या पायऱ्यांवर बसली होती. आता मंडप मोकळा झाला, सतरंजी मोकळी झाली, पंखे तर चालूच होते. पोरं सावलीला येऊन बसली.

सगळ्यांत आधी अनुश्री परतली. समोर सतरंजीभर विद्यार्थी, तेही तिच्याकडे तोंड करून. असं दृश्य दिसल्यावर शिक्षकाला जे सुचतं, तेच तिला सुचलं. निषेधाचा काळा फलक तिनं उलटा केला आणि पर्समधून खडू काढला.

बीरगांवची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, उरला के कारखानों की धूल हमारे ही छत पे क्यूं गिरती है?”

अनुश्रीनं फलकावर वाऱ्याचा बाण काढला. बाणाच्या टोकाशी बीरगांव काढलं. मग विचारलं, “आणखी कोणाच्या छतावर पडते?”

हातच हात वर झाले. परतलेले प्राध्यापक मागं उभे राहिले. जागा नव्हती.

“सर, बाकं कमी पडून राहिले,” कुसुमताई खिडकीतून म्हणाल्या.

अच्युतरावांनी चहा ठेवला. “देवीदास, घंटा. लंबी वाली.”

लांब घंटा म्हणजे दिवस संपला. ती ऐकून या विद्यापीठात कोणी बसून राहिल्याचं आजवर कोणाच्या ऐकण्यात नाही.

टोले पडले. मागच्या रांगेतल्या एकानं बॅग उचलली. शेजारणीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं बॅग ठेवली. अनुश्री बाणाचा दुसरा फाटा काढत होती.

देवीदासला वाटलं, आवाज पोचला नसावा. त्यानं स्वतःहून पुन्हा बडवली.

पंख्याखाली कोणाची वही फडफडत होती, तेवढंच हलत होतं.

कुसुमताईंनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि पेन अच्युतरावांपुढं, अनुश्रीच्या करारावर ठेवलं.

“का आणखी एक डाव वाजवून पाहता, सर?”