निळ्या पडद्यांची कोच

“मालूचं नाव पुन्हा तोंडातून काढलंस तर याद राख!” महादेवने हातातली बादली जमिनीवर आपटली.

गुंडूने उडालेल्या पाण्यातून कॅमेरा तेवढा वाचवला. “मागणी घातली, महादेवदा. शिवी नाही दिली.”

“टायर बदलणाऱ्याला माझी बहीण देऊ? घरात गाड्या धुणारा मी एक आहे तेवढा पुरे.”

बहरीनमधल्या सलमाबादच्या त्या गॅरेजात दोघांनी बरोबरच नोकरी धरली होती, गावही एकच. गुंडू टायर बघायचा. महादेव कोच धुवायचा. विमानातल्या स्टाफला हॉटेलवर नेणारी, निळ्या पडद्यांची, गारेगार एसी कोच. तो स्वतः कॅम्पवर जायचा ते लेबर बसमधून. तिला लाकडी बाकं आणि काचेच्या जागी जाळी. एकदा दमून तो कोचच्या सीटवर टेकला, तर सुपरवायझरने सगळ्यांदेखत कॉलर धरून खाली उतरवलं. तो राग अजून धुमसत होता. अशा सीटवर हक्काने बसणारा नवराच मालूला मिळवून द्यायचा, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं.

शुक्रवारी गॅरेज बंद असलं की कोचचा मालक महादेव. आपल्याकडचे लोक गावी पाठवायला फोटो काढून घ्यायला यायचे. कॅमेरा गुंडूचा. काळा गॉगल आणि लाल टाय महादेवचा. टायची गाठ एका कारकुनाने एकदाच बांधून दिली होती. ती कुणी सोडायची नाही, टाय डोक्यातून घालायचा आणि डोक्यातूनच काढायचा. गाठीखाली डिझेलचा डाग होता. तो झाकायला प्रत्येकजण छातीवर हात ठेवून उभा राहायचा. कुणाला नाव विचारायचं नाही, हा नियमही महादेवचाच.

“खोटारडे साले!” गिऱ्हाईक गेलं की तो थुंकायचा. “घरच्यांना फसवताना लाज नाही वाटत?”

त्या कोचला टेकून पहिला फोटो महादेवनेच काढून घेतला होता. पण आपलं वेगळं, आपण आईच्या समाधानासाठी पाठवला, असं महादेवचं म्हणणं.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोचं, रखमाचं, पत्र आलं. मालूला स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बहरीनलाच, वाहतुकीचा स्वतःचा धंदा. रजेवर आलाय, म्हणून लग्न लगेच हवं. सोन्याची चेन आणि स्कूटर मागतात. म्हणतात, मुलीचा भाऊ बसचा मालक, मग हात आखडता कशाला?

महादेवचं पित्त खवळलं. “भिकारडे! दारात स्वतःच्या गाड्या, आणि स्कूटर आमच्याकडून?”

“मग चौकशी कर ना,” गुंडू म्हणाला. “बहरीन ते केवढं! मनामा शहरात दोघांना विचारलंस की खलास, सगळं कळेल.”

महादेवने हातातल्या बादलीकडे पाहिलं. चौकशीला गेलं की पहिला प्रश्न येणार, तुम्ही कोण? हातात बादली दिसली की स्थळ गेलंच.

“काही नको,” तो गुरगुरला. “मोठ्या माणसांच्या दारात असं जाऊन उभं राहायचं नसतं.”

त्याने रखमाला उलट टपाली कळवलं: पसंत आहे, पण माझा इथला पत्ता मुलाला देऊ नका, मला कामातून सवड नसते. गावी स्वतःचा टेम्पो घ्यायचा म्हणून साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं पाठवून दिलं. पाठवताना नवऱ्या मुलाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सुपरवायझरने त्याला रजा दिली नाही. “लीव्ह मफी,” एवढंच म्हणाला. महादेव त्या दिवशी कोच इतक्या रागाने घासत होता की बोटं सोलली.

गुंडूची रजा आधीच मंजूर झाली होती. निघताना महादेवने त्याला सुनावलं, “जा, बघून ये. नवरा कसा असतो ते कळेल तुला.”

गुंडू गावी पोचला तेव्हा लग्न लागून आठवडा झाला होता. रजा संपवून तो परतला तो शुक्रवारी. गॅरेजात शिरला आणि लाडवांचा डबा आणि एक पाकीट त्याने महादेवपुढे ठेवलं.

“वहिनींनी दिलंय. मेहुण्यांचा फोटो आहे. हाच बघून सगळ्यांनी पसंत केलं म्हणे.”

“मालू कशी आहे?”

“खूश आहे. म्हणाली, दादाला सांग, आता मी एसी गाडीतून फिरणार.”

कितीतरी महिन्यांनी महादेवचा आवाज खाली उतरला. “बघ गुंड्या, रागावलो असेन मी तुझ्यावर. पण बहिणीचं सोनं झालं की नाही?”

गुंडू कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला. “फोटो बरा आलाय,” तो म्हणाला.

महादेवने हात पँटला पुसून पाकीट फोडलं. निळ्या पडद्यांच्या कोचला टेकून, काळा गॉगल लावून, मेहुणे छातीवर हात ठेवून उभे होते.